कडप्प्याचा ओटा

प्रिय मरियाताई,

आणि तो ऑईल काढायचा कॉक अजून कपाटातच आहे ना? मला ठाऊक होतं! मुद्दाम आपल्याकडच्या ट्रकवाल्याच्या हाती गांधीधामवरून पाठवला, फोनवर सगळं समजावलं. इंजिनच्या चेंबरचा खालचा नट काढायचा, त्या जागी हा पितळी कॉक बसवायचा, पाईप लावून टोक कॅनमध्ये सोडायचं. झालं. पुन्हा बसखाली उताणं पडायला नको, गरम ऑईल कोपरापर्यंत यायला नको, ऍक्सलवर सांडून अंगण काळं व्हायला नको. तर तू म्हणतेस, तू आलास की बसव. अगं, मी वर्षातून एकदा येतो. इंजिन रोज पळतं.

बरं, कॉकचं सोड. ते निम्मंच काम. जुनं ऑईल खालून जाईल, पण नवं ओतणार कुठून? तिथं तर आपल्या शमुवेल मिस्त्रींनी, म्हणजे पप्पांनीच, ओटा बांधलाय. जुनी बस घेऊन भाड्यानं फिरवायला कॅरॅव्हॅन केली, सीटा काढल्या, पलंग टाकले, संडास बसवला, तिथवर ठीक होतं. पण ड्रायव्हरशेजारचा इंजिनचा उंच डबा बघून पप्पा म्हणाले, एवढी जागा काय वाया घालवायची, इथं झकास ओटा होतोय. आणि कडप्पा घातला! लोक गाडीत प्लाय लावतात, पत्रा लावतात, आपल्याकडं कडप्पा. सांधे भरून, कड गोल घासून. ऑईल कुठून ओतायचं असं मी विचारलं तर म्हणाले, ‘घर बांधतोय का ग्यारेज?’ आईचं आणखी निराळंच. ओट्यावर खालून ऊब लागते, इडलीचं पीठ लई छान फुगतं म्हणे. इथं वर्कशॉपमध्ये सांगितलं तर पोरं हसून हसून लोळली. मी पण हसलो, पण नंतर डोकं फिरलं.

कारण तू काय करतेस? ओट्याखालच्या फडताळात हात घालून आंधळ्यासारखं नळीनं ऑईल ओततेस. ऑईल मोजायची गेज दिसत नाही, किती गेलं कळत नाही. मागच्या वेळी सांडलेलं ऑईल भंडारदऱ्याला चढताना जळायला लागलं, एवढा धूर झाला की पुण्याची माणसं उशा घेऊन रस्त्यावर उतरली. तेव्हापासून तू ऑईल बदललेलंच नाहीस. कमी झालं की वरून घालतेस. मी इथं मोठमोठ्या ट्रकांचं रोज बदलतो आणि माझ्या घरच्या गाडीत डांबर फिरतंय! आता काजव्यांचा सीझन येईल. शिर्डीहून माणसं घ्यायची, भंडारदऱ्याला चढायचं, उतरायचं, परत चढायचं. चढावर इंजिन जाम झालं तर स्टेअरिंगवर तू असशील, मागं बारा माणसं. आणि बस गेली तर चूल कशावर पेटवायची ते सांग. मी पाठवतो तेवढ्यात पप्पांची औषधंच होतात.

ओटा म्हटलं की तू लगेच ‘जेवलास का रे’ सुरू करतेस. मला कळत नाही असं वाटतं का? फोन स्पीकरवर असतो आणि पप्पा शेजारी खाटेवर. आईनं सांगितलंय मला. झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर ठेवला तसाच राहतो. तू पुणतांब्याला आणून गाडी दारात लावलीस की ते धरत धरत आत चढतात, ओट्यापाशी बसतात आणि डाव्या हातानं कड चाचपतात. त्यांनी केलेलं शेवटचं काम ते. तुला त्याला छिन्नी लावायचा धीर होत नाही. मला होईल का, ताई? सातवीला शाळा सोडून मी त्यांच्याच हाताखाली माल कालवलाय. शंभर ओट्यांत त्यांची कड मला ओळखू येईल. पण इंजिनाला काय कळतंय वर कुणाचा हात लागलाय ते!

म्हणून हे कागदावर लिहितोय, पप्पांच्या कानावर जायच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून. ओटा फोडायचा नाही. त्यांना सांग, ओट्याला झाकण पाहिजे, कसं करायचं ते तुमीच सांगा. गेज आणि ऑईल ओतायचं तोंड यांच्या वरचा तेवढाच तुकडा कापून बिजागरीवर बसवायचा, एका हातानं उचलता आला पाहिजे. रेघ पप्पांनी मारायची, डाव्या हातानं. वाकडी आली तरी तीच धरायची. कटर राहात्याचा फरशीवाला श्रीमंत धरेल, पप्पा खुर्चीवरून त्याला शिव्या देतील, देऊ दे. आधी ते न्हाईच म्हणतील. मग तू म्हण, नॅथन म्हणतो हे मिस्त्रीला जमायचं नाही. बघ कसे उठतात. त्याच दिवशी कॉक बसवून घे आणि ऑईल बदल. श्रीमंतचे आणि ऑईलचे पैसे मोबाईलवर टाकलेत. या पाकिटातले वेगळे आहेत, त्यातून सामान आणू नकोस. काम संपलं, हत्यारं धुवून झाली, की सगळ्यांदेखत पप्पांच्या डाव्या हातात दे. पोरानं औषधाला पाठवले म्हणशील तर फेकून देतील. सरळ सांग, मिस्त्रीची आजची हजेरी, नऊशे रुपये.

तुझाच,
नॅथन