गाडीला धाप लागते

३ मार्च, मंगळवार, सकाळी
गाडी एकवीस वर्षांची झाली. बायकोच्या थोरल्या बहिणीचा पाय मोडलाय. रविवारी टेकडीवरच्या तिच्या घरी आपल्याच गाडीने नेईन, असा शब्द दिलाय. मुलगा फोनवर टॅक्सी करा म्हणत होता. त्याला काय कळतंय. गाडीचाही मान राखावा म्हणून जुन्या गालिच्याचा तुकडा कापून माझ्या पायाखाली घातला. मूळची रबरी मॅट, तिच्यावर काथ्याची, तिच्यावर हा. पाय अगदी गादीवर. ही म्हणाली, अहो, किती थर? कौतुक वाटलं असावं.

संध्याकाळी
टेकडीवर चाचणी. पहिल्याच वळणावर गाडीला धाप लागली. मागून एक सायकलवाला आला, काका ढकलू का म्हणाला. नको म्हटलं. तो पुढे निघून गेला. इंजिनाचं दुखणं दिसतंय. हातात चार दिवस आहेत. भरपूर झाले.

४ मार्च
गाडीदुरुस्तीचं पुस्तक काढलं. गुरू असा मी कधी केलाच नाही, हेच पुस्तक. चार पानं उंदराने खाल्लीत, ती मला पाठ आहेत. निदान: प्लग. चारही बदलले. चढावर धाप. निदान बरोबरच आहे, प्लग अजून रुळायचेत.

५ मार्च
निदान: हवेचा फिल्टर. अंगणात झटकला. धूळ हिच्या वाळत घातलेल्या चादरींवर. चादरी मीच परत धुतल्या. चढावर धाप. मलाही.

६ मार्च
नाइलाजाने मिस्त्रीकडे. त्याने बॉनेट उघडून हातानेच ॲक्सिलरेटरची केबल ओढली. इंजिन असं गरजलं की दुकानातलं मांजर टायरखालून पळालं. इंजिन ठणठणीत आहे काका, म्हणाला, मी एक चक्कर मारून बघू का? साफ नाही म्हटलं. एकवीस वर्षांत त्या सीटवर माझ्याखेरीज कोणी बसलेलं नाही. मग तुम्हीच सांगा, म्हणाला. कार्ब्युरेटर साफ करवून घेतला. चढावर धाप. बॉनेटमधून ओढलं की धावते, सीटवरून दाबलं की रडते. दुखणं खोल आहे. मिस्त्री पोरसवदा, त्याच्या आवाक्यातलं नाही.

७ मार्च
अखेर सापडलं: वजन. स्टेपनी, जॅक आणि मागची सीट काढून ओट्यावर ठेवली. शेजारी त्या सीटवर बसून पेपर वाचून गेले. हिला म्हटलं, बहिणीसाठीचा खाऊचा डबा जरा हलका कर. म्हणाली, डबा येणार, हवं तर तुम्ही उतरा. मग विचारलं, अहो, उद्या नक्की ना? ताई सकाळपासून खिडकीत बसेल. म्हटलं, निर्धास्त राहा.

८ मार्च, रविवार
पहिलं वळण. धाप. नंतर गाडी उभीच राहिली. हिला म्हटलं, दोन मिनिटं, प्लग बघतो. ही माझ्या पायांकडे बघत होती. म्हणाली, पाय खाली जातोय कुठे तुमचा? उचला. वाकून तिने गालिचा ओढला, मग काथ्याची, मग रबरी. धूळ झटकली, तिन्ही मांडीवर घेऊन बसली. आता दाबा, म्हणाली.
दाबला. ॲक्सिलरेटर थेट तळाला टेकला. एकवीस वर्षांत गाडी अशी चढली नव्हती.
ताई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून खिडकीतच होती. आम्हाला बघून डोळे पुसले. मग म्हणाली, अगं, मांडीवर हे काय घेऊन आलीस?
ही म्हणाली, यांच्या इंजिनाचं दुखणं.
दोघी बराच वेळ हसत होत्या. ताईला हसताना पाय दुखत होता, तरी हसत होती. बरं वाटलं.
प्लग एकदाचे रुळले म्हणायचे.