माझं डोकं आणि सासूबाईंचा जबडा

३ मार्च

डोकं — सकाळी सहापासून. गोळ्या — दोन.

असंच लिहायचं म्हणे! समोरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई, वय जेमतेम तीस, मला सांगते — "काका, रोज लिहून ठेवा. कधी दुखलं, कुठे दुखलं, काय घेतलं. आठवड्याने दाखवा."

मला! सत्तावीस वर्षं औषधाचं दुकान चालवतोय मी. गिऱ्हाईक पायरी चढताना डोकं कुठे धरतंय त्यावरून मला दुखणं कळतं. दोन्ही हात कानशिलांना, जणू कुणी पट्टा आवळलाय — ताणाचं. एकच बाजू धरलेली, उजेड नको, आवाज नको, पोटात मळमळ — अर्धशिशी. त्याच्याशी हळू बोलायचं आणि सुट्ट्या पैशांची खुळखुळ करायची नाही. भुवयांवर बोटं, नाक लाल — सर्दी साठलीय.

बायकोला विचारलं, माझा हात कुठे असतो गं?

"गोळ्यांच्या डब्यात," म्हणाली. आणि शाळेत शिकवायला निघून गेली.

५ मार्च

डोकं — हो. गोळ्या — तीन. सासूबाई — हो.

त्यांच्या घराचं रंगकाम काढलंय, म्हणून महिनाभर आमच्याकडे आहेत. वय चौऱ्याहत्तर. रोज अकराला दुकानात येतात, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसतात आणि सगळ्यांदेखत सुरू — "जावईबापू, इथे कानशिलाशी दुखतं हो. असं आधी कधी दुखलं नव्हतं." आज नवीनच. म्हणे कंगवा लागला तरी केसांची मुळं ठणकतात!

"मग कंगवा बदला," मी म्हणालो. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस खोकायचं विसरून हसला. सासूबाईंना एक गोळी दिली. माझ्या वाट्याची!

१० मार्च

वही घेऊन रुबाबात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजलं.

"काका, सात दिवसांत सोळा गोळ्या. किती दिवस चाललंय हे?"

"असेल वर्षभर. दुखतं म्हणून घेतो."

"आता उलटं झालंय. घेता म्हणून दुखतं. रोजच्या रोज घेतल्या की डोकं गोळीच मागत बसतं. बंद करा. पहिले काही दिवस जास्त दुखेल, मग उतरेल."

हे मला माहीत नव्हतं? होतं की! लोकांना सांगतोसुद्धा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

११ मार्च

गोळी नाही. डोकं आहे. भरपूर आहे.

१२ मार्च

अक्षरं टोचतात.

१३ मार्च

हिने दुकानातल्या मदतनीस बाईंना बजावून ठेवलंय — साहेबांना गोळी द्यायची नाही. माझ्याच दुकानात, माझ्याच कपाटासमोर, मी हळूच म्हणालो, "एक द्या ना."

बाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. "डॉक्टरची चिठ्ठी आणा."

१६ मार्च

सहावा दिवस. कपाळावर कुणीतरी खलबत्ता चालवतंय. आणि अकराला सासूबाई हजर! आज जबडा. "दोन घास चावले की जबडा भरून येतो हो. थांबावं लागतं. मग पुन्हा दोन घास."

माझ्या तोंडून गेलं — "बोलणं जरा कमी केलंत तर विश्रांती मिळेल त्याला."

पर्स उचलली, गेल्या. दुकानात काय शांतता! पश्चात्ताप वगैरे काही नाही.

थोडा आहे.

१८ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी तपासणीला गेलो. माझं डोकं पुष्कळ उतरलंय. खुशीत होतो, म्हणून डॉक्टरीणबाईंना सासूबाईंची गंमत सांगायला घेतली. कानशिलाचं सांगितलं, कंगव्याचं सांगितलं — हसल्या. जबड्याचं सांगितलं. हसू गेलं. पेन खाली ठेवलं.

"वय काय त्यांचं?"

"चौऱ्याहत्तर."

"दिसण्याची काही तक्रार?"

काल म्हणाल्या होत्या. दुकानाची पाटी मध्येच पडद्याआड गेली आणि मग पुन्हा दिसली. मी म्हणालो होतो, चष्मा पुसा.

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "आणा त्यांना. आत्ता. नंतर नाही, आत्ता!"

पन्नाशी उलटल्यावर पायातल्या चपलांनिशी मी रस्ता कसा ओलांडला, मला माहीत नाही. एक चप्पल तिथेच राहिली. कानशिलाशी जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना सूज येते, म्हणे. म्हातारपणी नव्याने डोकं दुखणं, चावताना जबडा भरणं, केसांची मुळं दुखणं — या त्याच्याच खुणा. डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर नजर जाते. गेली की परत येत नाही.

मोठ्या इस्पितळात रक्त घेतलं आणि अहवालाची वाट न बघता स्टेरॉइड सुरू केलं. जाताना गाडीत सासूबाईंनी एकच विचारलं, "दुकानात कोण आहे?"

"मदतनीस बाई."

"मग बरंय. ती ऐकून तरी घेते."

 

२० मार्च

नजर शाबूत! दोन्ही डोळे! मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. कानशिलाच्या रक्तवाहिनीचा बारीक तुकडा काढून तपासणार आहेत, पण रक्ताच्या अहवालावरून तेच दिसतंय. औषध बरेच महिने घ्यावं लागेल. डोक्याचा ठणका मात्र दुसऱ्याच दिवशी गेला. सासूबाईंनी सालासकट अख्खं सफरचंद खाल्लं आणि मला म्हणाल्या, "दुसरं आहे का?"

माझं डोकं — काल दुखलं का? नोंद नाही. आठवतही नाही.

२४ मार्च

औषधाने सासूबाईंना झोप कमी आणि उत्साह फार. सकाळी सातलाच दुकानात! सगळ्या औषधांची खोकी रंगांप्रमाणे लावली. दिसतं सुंदर. सापडत काही नाही. मदतनीस बाई रडायच्या बेतात.

मी आता गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला विचारतो — दुखणं नवं की जुनं? आठवड्यात किती गोळ्या? चावताना कसं वाटतं? आज कॉलेजातला एक पोरगा दाढीचं पातं घ्यायला आला. त्यालाही विचारलं! तो पातं न घेताच गेला.

२७ मार्च

ही कपडे घड्या करत होती. म्हणाली, "मला आई रोज सांगायची, झोप छान लागली, काही दुखत नाही. तुम्हाला कसं हो कळलं?"

मी सरळ सासूबाईंच्या खोलीत गेलो. लेकीला का नाही सांगितलं?

"ती घाबरट आहे. रात्रभर जागली असती." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्हाला सांगून टाकलं, की मी निर्धास्त व्हायचे."