कोंडाबाईंची गाठ

१२ मार्च २०२०, गुरुवार
उपकेंद्रात बायकांची तपासणी. तीस जणींना निरोप, आल्या नऊ. भीमेकाठच्या वस्तीवरच्या कोंडाबाई अगदी शेवटी. डाव्या स्तनात गाठ, सुपारीएवढी. "दुखत न्हाई तर आसू द्या की, सिस्टर." दुखत नाही म्हणूनच जायचं, असं दोनदा बजावलं. शिरूरला सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. २४ला मीच घेऊन जाणार. एकट्या जायच्या नाहीत त्या.

२३ मार्च
एसटी बंद. सुनेच्या मोबाईलवरून कोंडाबाई, "उद्याचं कसं?" म्हटलं, आता घरी बसा, उघडलं की पहिलं तुमचंच. हायसं वाटलं बाईंना. आवाजावरून कळलं.

१७ एप्रिल
बाळांचं लसीकरण थांबलेलं. आयांचे फोन. बीपीच्या गोळ्या संपल्या. मी दिवसभर काय केलं? पुण्या-मुंबईहून आलेल्यांच्या दारावर क्वारंटाईनचे कागद चिकटवले. आमच्या डॉक्टरांना म्हटलं, सर, एक गाठवाली बाई आहे.
"इमर्जन्सी आहे?"
"नाही, पण…"
"मग नंतर."
त्यांचंही खरं. तीन दिवस घरी गेलेले नाहीत. पण नंतर म्हणजे कधी?

९ जून
शिरूरला फोन. चिठ्ठी दिली त्या दवाखान्यात आता कोविड सेंटर. खाजगीवाले म्हणतात, आधी कोविडची टेस्ट करून या. कोंडाबाईंचे मालक, आप्पा, ऐकूनच भडकले. "पॉझिटिव्ह म्हनून चौदा दिस आत टाकत्यात. धडधाकट बाई मारायला न्यायची व्हय?"
तीन महिने दारोदार मीच सांगतेय, बाहेर पडू नका.

२१ जुलै
मी पॉझिटिव्ह. दौंडला भरती. खोकला. लिहवत नाही.

८ सप्टें.
पुन्हा कामावर. घरोघर सर्व्हे, रोज पन्नास घरं. ताप, ऑक्सिजन, पुढचं दार. आज कोंडाबाईंची वस्ती. ऑक्सिजन ९८, ताप नाही. फॉर्ममध्ये गाठीला रकाना नाही. म्हटलं, जरा आत चला.
गाठ लिंबाएवढी. वरची कातडी आत ओढलेली. काखेतही हाताला लागतंय.
"फोन का नाही केला?"
"तुमीच म्हनला हुता ना, उघडल्याव पहिलं माजंच. म्हनलं येतील सिस्टर."
सहा महिने वाट बघत बसल्या. माझ्या शब्दावर. फॉर्मवर मात्र सगळं नॉर्मल. सहीसुद्धा माझीच.

९ सप्टें.
सरांशी भांडले. नोकरीत पहिल्यांदा. एप्रिलपासून सांगतेय, म्हटलं, अजून किती इमर्जन्सी व्हायला पाहिजे? मग सरांनी स्वतःच पुण्याला चार फोन लावले आणि १५ तारीख मिळवली. ॲम्ब्युलन्स नाही, सगळ्या कोविडला.
संध्याकाळी वस्तीवर. "आप्पा, घरी बसा म्हणाले ती मीच. चुकलं माझं. आता न्यायलाच पाहिजे." आप्पांनी शेळीचं दावं खुंट्याला बांधलं. मग म्हणाले, "गाडीचं म्या बघतो."

१५ सप्टें.
पुणे. पाच तास रांग, जिन्यात. सुई घालून तुकडा काढला. कोंडाबाईंनी हूं की चूं केलं नाही, माझं मनगट मात्र लाल. डॉक्टरीण माझ्याकडं बघून, "मार्चमध्ये का नाही आणलं?"
मी तोंड उघडायच्या आत कोंडाबाईच, "तवा समदंच बंद हुतं, बाई. ह्यांचा दोस न्हाई."
रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ सप्टें.
रिपोर्ट नाही. लॅबमधले दोघं पॉझिटिव्ह, उद्या फोन करा. कालही हेच.
आज मार्चची यादी काढली. तपासणीला न आलेल्या एकवीसजणी. तीन घरं केली, दोघींनी दार उघडलं नाही. सर्व्हेवाली आली, उचलून नेईल म्हणून.
दुपारी कोंडाबाई, "आलं का काय?"
"अजून नाही."
"मंग बाजरी काढायची ऱ्हायलीय. तवर जाऊ का?"
जा म्हटलं. डावा हात जपा, एवढंच सांगितलं.