टुटू शिवणारा शांत माणूस

१ डिसेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, राग आला की लिहून काढत जा. मी म्हणालो, मला राग येतच नाही. बायको शेजारी बसली होती. अनिताने डॉक्टरांकडे बघून नुसती मान हलवली. ही तिची जुनी खोड.

कालचं लिहून टाकतो. एक गिऱ्हाईक भाड्याने नेलेला मावळ्याचा ड्रेस दुकानात परत घेऊन आलं. छातीवर मटणाच्या रश्श्याचा डाग. मी फक्त हात पुढे केला. गिऱ्हाईक मधे आलं आणि ट्रंकेत पडलं. ट्रंक उघडी कोणी ठेवली, हा खरा प्रश्न आहे.

संकल्प: शांत राहणे. म्हणजे आहे तसंच राहणे.

३ डिसेंबर
मोठा दिवस! मारुंजीच्या स्नेहल मॅडम दुकानात आल्या. आयटीवाल्यांच्या मुलींना बॅले शिकवतात. आमची दीक्षाही शनिवार-रविवार त्यांच्याकडेच जाते. चिंचवडला नाट्यगृहात कार्यक्रम आहे. बॅलेच्या पोशाखाचा इतिहास, नाचून दाखवायचा. सगळे पोशाख माझ्याकडून! म्हणाल्या, दीक्षा सांगत होती, बाबा काहीही शिवू शकतात. पोरीला पारख आहे.

निघोज्यात आमच्या भावकीने जमिनी विकून जेसीबी घेतले. कलेकडे वळलेला मी एकटा. 'गोरक्ष ड्रेपरी, चाकण' हा बोर्ड बदलून 'कॉस्च्युम डिझायनर' करणार.

५ डिसेंबर
मोबाइलवर अभ्यास. बॅले आधी राजाच्या दरबारात चालायचा. नाचणारे पुरुष. मुखवटे, जरीचे जड अंगरखे, उंच टाचांचे बूट. म्हणजे आपल्या तमाशातल्या नाच्याचे हे परदेशी पाहुणेच. पुढे बायका आल्या, त्यांचे झगे जमिनीवर लोळायचे. पावलांचं काम दिसावं म्हणून एकीने झगा घोट्याच्या वर कापला तर लोक खवळले. मग पांढऱ्या तलम जाळीचे घेर आले, आणि स्टेजवर गॅसचे दिवे. पॅरिसात एकीचा घेर दिव्याला लागला, ती उभी पेटली. आग न लागणारं कापड होतं, पण ते पिवळट आणि ताठर दिसतं म्हणून तिनेच नको म्हटलेलं. कित्येक महिने तडफडली, मग गेली.

जेवताना हे सगळं सांगितलं. अनिताने ताट सरकवलं. म्हणाली, "पोरगी जेवतीय. आन् तुम्ही हसताय कशापायी?"

हसत नव्हतो. उत्साह होता.

राजाचा रोल मीच करणार. मॅडमना फोन केला. "बघू" म्हणाल्या. म्हणजे हो.

९ डिसेंबर
जाळी आणायला पिंपरी कॅम्पात. टुटू म्हणजे कमरेला आडवी थाळी बसवल्यासारखा आखूड, ताठ झगा. नुसते जाळीचे थर. दुकानदाराने विचारलं, मच्छरदाणी बनानी है क्या? मी शांतपणे त्याचा कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि काउंटरची काच किती जाड आहे ते पाहिलं. फार जाड नव्हती. शेजारच्या दुकानांतले लोक आले. एकाने मानगूट धरलं, एकाने पाय. रस्त्यावर आणून टाकलं, वर लाथा. तळहाताला टाके पडले.

जाळी मात्र सोडली नाही. निम्मी आली.

१४ डिसेंबर, रविवार
टुटू शिवून झाला. थाळी आडवी राहत नाही, लोंबते. जाळीच निकृष्ट.

नेमका तेव्हाच मावसभाऊ खंडू आला. भोसरीला त्याचंही ड्रेपरीचं दुकान आहे. नकलाकार माणूस. दारातूनच म्हणाला, "गोरख्या, ह्ये काय रं? कोंबड्या झाकायचं डालगं शिवलंस व्हय?"

मी शोकेसमधल्या पुतळ्याचा हात उपसला आणि त्याच्या थोबाडावर घातला. त्याने गरम इस्त्री फेकली. खांद्याची सालपटं निघाली. मग आम्ही पायऱ्यांवरून गडगडत थेट उभ्या रिक्षाखाली. तिथे जागा कमी, त्यामुळे चावाचावी. त्याचा दात पडला. तो मी स्वतः शोधून त्याच्या वरच्या खिशात घातला. मनात काही ठेवत नाही मी.

१५ डिसेंबर
दिवसभर पोलीस चौकी. आळंदीहून सासरे आले, त्यांनी खंडूच्या हातापाया पडून मिटवलं. बाहेर आल्यावर सोपानराव म्हणाले, "जावईबापू, कात्री धरनाऱ्यानं डोकं थंड ठिवावं. जमत नसंल तर पोरीला माझ्याकडं धाडा."

मी म्हणालो, माझं डोकं थंडच आहे. तेवढ्यात त्यांची स्कूटर पडली. स्टँडवर नीट लावली नव्हती. माझ्या अंगठ्याचं नख गेलं.

२१ डिसेंबर, रविवार
उपाय सापडला! सगळ्या टुटूंच्या कडेत तार ओवली. आता थाळी अशी ताठ की वर चहाचे कप ठेवावेत. पॅरिसवाल्यांना का सुचलं नाही?

दीक्षाला घालून पाहिला. म्हणाली, "बाबा, टोचतंय." मी समजावलं, पूर्वीच्या बायकांनी बरगड्या आवळून घेतल्या, काही पेटून मेल्या, तू एवढ्याशा तारेला भितेस? ती हळूच म्हणाली, "पण खरंच टोचतंय."

कात्री हातातून सुटली. जाऊन दारात रुतली. दीक्षाच्या कानापासून चांगली वीतभर लांब. हल्ली दारं कसल्या लाकडाची करतात कोण जाणे. त्यानंतर दीक्षा अजिबात हलली नाही. मापं झटपट झाली. तिचं उभं राहणं किती सुधारलंय!

अनिताने कात्री उपटून काढली. कुठे ठेवली ते सांगत नाही. अशाने काम कसं व्हायचं?

२९ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.

काल कार्यक्रम. सुरुवात उत्तम. राजा म्हणून मी आलो. सोन्याचा मुखवटा, जरीचा अंगरखा, लाल टाचा, हातात राजदंड. टाळ्या पडल्या. मग टाच घसरली आणि पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. दरबारात राजाला हसत नाहीत, हा इतिहास आहे. मी स्टेजवरून उडी मारली आणि राजदंड घातला. मुखवट्यातून नीट दिसत नव्हतं. ज्याला लागला तो हसलेला नव्हता म्हणे. त्याची भुवई फुटली. तोवर बाकीचे बाप धावून आले. मुखवटा माझ्याच तोंडावर चेचला, अंगरखा फाडला, मनगटावर कोणीतरी बुटासकट उभा राहिला.

स्नेहल मॅडम वरून ओरडत होत्या, "गोरक्षजी, मुली आहेत इथे!" मुली घाबरून विंगेत पळाल्या. दाराशी टुटूच्या तारा एकमेकींत अडकल्या. दीक्षाची मांडी चिरली. पांढऱ्या जाळीवर रक्त फार पटकन पसरतं. पडदा पडला.

इतिहास अर्धवट राहिला, याचं वाईट वाटतं. प्रेक्षक तयार नव्हते.

१ जानेवारी
अनिता दीक्षाला घेऊन आळंदीला गेली. जखम भरेपर्यंत, एवढंच म्हणाली. जाताना शिलाई मशीनही नेली. बहुधा तिकडे कंटाळा येऊ नये म्हणून.

मॅडमचा मेसेज: कार्यक्रम पुन्हा करतोय, मारुंजीत, सोसायटीच्या हॉलमध्ये. मुली साध्या काळ्या प्रॅक्टिसच्या कपड्यांत नाचतील. तुम्ही काही शिवू नका.

बॅलेत शेवटी हेच आलं. घेर गेले, जाळ्या गेल्या, अंगाबरोबरचा साधा काळा कपडा राहिला. म्हणजे मॅडम माझ्याच अभ्यासाने चालल्यात.

११ जानेवारी, रविवार
मारुंजीला गेलो. बोलावलं नव्हतं, पण बापाला बोलवावं लागत नाही. मागच्या दाराने आत गेलो. खोलीत मुली तयार होत होत्या. दीक्षा आरशाकडे तोंड करून उभी. मांडीला पट्टी. तिच्या पाठीचा वरचा हूक निसटला होता. लांबूनही दिसतं मला असलं.

म्हटलं, लावून द्यावा. डावा हात आता बऱ्यापैकी चालतो. मागे जाऊन उभा राहिलो आणि हात वर केला. तिला आरशात दिसला.

ती खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी, डोळे घट्ट मिटलेले. एवढं पटकन, एवढं सवयीने बसली की मला वाटलं, नाचातलंच काही असेल. मग बाकीच्या मुलींकडे पाहिलं. त्या भिंतीला चिकटल्या होत्या.

मी म्हणालो, "अगं, हूक."

ती उठली नाही. स्नेहल मॅडम आल्या. माझ्याकडे न बघता तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या, हूक लावला, तिला हाताला धरून स्टेजकडे घेऊन गेल्या.

स्टेजची भीती असते मुलांना. कधीकधी.

खोली रिकामी झाली. आरशात पाहिलं तर माझा हात अजून वरच होता. खाली कसा घ्यायचा, ते सुचेना.