बत्तीस जणांच्या हाडांची जबाबदारी

ती. मामांना,

वाकून नमस्कार. मामीलाही. तुमची कंबर कशी आहे, टाईप करताना डावा हात अजून सुन्न पडतो का, हे आई रोज विचारते (मला विचारते, जसं काही मला इथून दिसणारच). मी बरी आहे. म्हणजे मला एकटीलाच काही लागलेलं नाही. बाकीच्यांना लागलंय, आणि ते सगळं माझ्यावर आलंय.

तुम्हाला माहितीच आहे, तोंडी परीक्षेच्या भीतीने मी नववीत शाळा सोडली आणि या बॅडमिंटन हॉलवर लागले. लॉकरच्या चाव्या द्यायच्या, कोर्ट पुसायचं, आणि गटिंग करायचं (म्हणजे रॅकेटची तुटलेली जाळी नव्याने ओवायची. रॅकेट बोलत नाही, म्हणून माझं तिच्याशी जमतं). तर मागच्या महिन्यात कुणीतरी घसरून पडलं आणि कोर्टात खेचतो म्हणालं. मॅनेजरसाहेब घाबरले. त्यांनी फॉर्म छापून आणले. वर सभासदाचं नाव, आणि त्याखाली एकच ओळ : खेळताना इजा झाल्यास संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाऱ्याची. मला म्हणाले, सगळ्यांच्या सह्या घेऊन टाक.

मामा, मी खूप प्रयत्न केला हो. पेन घेऊन चार दिवस कोर्टाच्या कडेला उभी होते. खेळत असताना कसं विचारणार? खेळून झालं की त्यांना धाप लागलेली असते, तेव्हा बरं दिसत नाही. मग ते अंघोळीला जातात, तिथे तर नाहीच. रिटायर हेडमास्तरांनी एकदा माझ्या हातातलं पेन घेतलं, मला वाटलं झालं काम, तर त्यांनी त्याने पाठ खाजवली आणि थँक्यू म्हणून परत दिलं. पाचव्या दिवशी साहेबांनी विचारलं, झाल्या का सह्या? माझी मान आपोआप हो म्हणाली (ती नेहमीच माझ्या आधी बोलते). मग मला तुमचं वाक्य आठवलं. शाळेच्या डायरीत मी बाबांची सही केली होती, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे, आपली सही माणसाने हवी तितकी करावी. तुम्ही वकिलांच्या ऑफिसातले, म्हणजे विचारून-बिचारूनच सांगितलं असणार. म्हणून मी बत्तीसच्या बत्तीस फॉर्मवर सही केली. माझी. अगदी वळणदार.

मंगळवारी दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको जोडीने खेळत होते. शटल मधे आलं की डॉक्टरांनी "माझं" म्हणून ओरडायचं आणि बाईंनी सोडून द्यायचं, असा त्यांचा नियम. त्या दिवशी दोघंही ओरडले. बाईंची रॅकेट बसली डॉक्टरांच्या तोंडावर, समोरचा अर्धा दात गेला. बाई म्हणाल्या, "पॉइंट आपला!" फरशी पुसताना दात मला फडक्यात सापडला. डॉक्टर तोंड धरून म्हणाले, याला जबाबदार कोण? साहेबांनी मोठ्या ऐटीत फॉर्म काढला, वाचला, आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. बाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे मी सुटले!" आणि माझा गालगुच्चा घेतला.

तेव्हापासून हॉलचा रागरंगच बदलला. सत्तरीचे हेडमास्तर आता फरशीवर सूर मारतात. कुणी अडवलं तर म्हणतात, "पडू द्या हो, पोरगी आहे ना!" माझ्या जन्माच्या आधी दुखावलेला गुडघाही त्यांनी माझ्या नावावर लिहिलाय. एक काकू दारात चेंगरलेलं बोट घेऊन आल्या. दार घरचं, पण म्हणाल्या, इथेच यायला निघाले होते ना! मी दिवसभर बर्फ लावते.

शनिवारी कमिटी बसणार आहे. सगळ्यांसमोर, मोठ्याने, असं का केलंस ते सांगायचं. नाही सांगितलं तर सोमवारपासून यायचं नाही. मामा, मला हे काम सोडायचं नाही हो. इथली एकूण एक रॅकेट माझ्या हातची आहे. डॉक्टरांच्या बाईंचीसुद्धा, मीच घट्ट ओवली होती (हे कुणाला बोलू नका). पण मोठ्याने बोलायचं म्हटलं की मी फडकं घेऊन कोर्ट पुसायला पळते. असो. मामीला सांगा, काळजी करू नका.

तुमची, कमी बोलणारी भाची

ता. क. शनिवारी पाचला याल का? तुम्ही बोला, मी मागे उभी राहून मान हलवीन. तेवढं मला चांगलं जमतं.

ता. क. २. नाही आलात तरी चालेल असं लिहिणार होते, पण चालणार नाही. "हे तुला शिकवलं कुणी?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी एकदाच मोठ्याने बोलले. तुमचं नाव, ऑफिस, आणि कुठल्या जिन्याने वर यायचं तेही. तुम्ही आला नाहीत तर डॉक्टर तुमच्याकडे येतील. दात डबीत घालून ठेवलाय.

ता. क. ३. येताना रबरी तळव्याचे बूट घाला, फरशी गुळगुळीत आहे, नुकतीच मी पुसलेली असणार. पाहुण्यांनाही फॉर्म लागतो. तुमच्या कंबरेचा विचार करून मी तो भरून ठेवलाय, खाली सहीसुद्धा केलीय. माझीच.