घरगाडी विकण्याबाबत

सान हासिंतो,
फेब्रुवारी, रविवार दुपार

ती. तेक्लाताईस,

समुद्रकाठच्या आंब्याखालून धाकट्या नेस्टरचा, घामेजल्या हाताने केलेला नमस्कार. (हात माझा आहे, वन्सं, आणि घामही माझाच. हे जाळीच्या झोपाळ्यात पडून सांगताहेत आणि मी लिहितेय. कंसातलं सगळं माझं समजावं. – एडलिन) तुझे गुडघे कसे आहेत? वासिलदाजींचा खोकला हटला का? सास्काचेवानात गाड्या सुरू होईनात इतकी थंडी पडल्याचं रेडिओवर ऐकलं आणि तुमच्यासाठी जीव तुटला. (ऐकल्याबरोबर ह्यांनी आधी ‘वा!’ म्हटलं. जीव नंतर तुटला.) आम्ही दोघं तसे ठीक आहोत. भूक लागते, झोप लागते, आणि चायोबाई, म्हणजे आमची घरमालकीण, रोज येऊन आमचं काय चुकतं ते सांगून जाते.

पत्राचं कारण गंभीर आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. आमची घरगाडी तुझ्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी आहे. घर विकलं तेव्हा आम्ही वर्षाचे दोन तुकडे केले, हिवाळा मेक्सिकोत आणि उन्हाळा चाकांवर, हे तुला ठाऊकच आहे. एप्रिलात यायचं, गाडी बाहेर काढायची, आणि पहिला बर्फ पडेपर्यंत जिथे चांगलं तळं दिसेल तिथे मुक्काम ठोकायचा. आता डोळ्यांनी दगा दिला आहे आणि वर्षाचा हा दुसरा तुकडा हातातून निसटतो आहे. तेव्हा गाडी विकून टाकावी असं मी ठरवलं आहे. मला कोणीही सांगितलेलं नाही. पूर्ण विचार करून, माझं मी ठरवलं. (डॉक्टरांनी सांगितलं. चायोबाईने सांगितलं. मी तर दवंडी पिटून सांगितलं. पण ठरवलं ह्यांनीच, हे खरं.)

डॉक्टरांचं म्हणणं असं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. मधे करडा डाग पडतो आणि कडा शाबूत राहतात. म्हणजे ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही आणि ज्याच्याकडे बघत नाही ते दिसतं. त्यामुळे हल्ली मी कोंबडीसारखी मान तिरपी करून चालतो. कोणी रामराम केला तर शेजारच्या माडाकडे बघून उत्तर देतो. गावात काही दिवस असा समज होता की कॅनडाचा म्हातारा शेफारला. मी तो दुरुस्त केला नाही. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा शेफारलेला बरा वाटतो. आणि ताई, तूच सांग, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या माणसाने हे सहज कबूल करावं तरी कसं? रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते कळू नये अशा वादळांत मी पोरं घरी पोचवली. एकही हरवलं नाही. (मिखालचुकांचा धाकटा नेहमी भलत्याच घरी उतरायचा. पण तिथे जेवण चांगलं असायचं, त्यामुळे त्याची तक्रार कधी आली नाही.)

आता घरगाडीवाल्यांची एक रीत तुला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मुक्कामाला पोचलं की गाडी दोन झाडांच्या मधे मागे घालावी लागते. नवरा चालवतो आणि बायको मागे उभी राहून हात करते. आजूबाजूची मंडळी खुर्च्या टाकून, हातात पेला घेऊन हा तमाशा बघत बसतात, कारण संसार कसा मोडतो ते तिथे फुकटात बघायला मिळतं. आमचा मोडला नाही. एडलिनचा एक पिवळाजर्द सदरा आहे. तो घालून ती मागे उभी राहते आणि मी आरशात त्या पिवळ्याकडे बघत येतो. पिवळं हललं की यायचं, थांबलं की थांबायचं, आणि शंका काढायची नाही. ह्या एका नियमावर आम्ही डोंगरात, चिखलात, एकदा तर दोन तंबूंना दोन्ही बाजूंनी चाटून गाडी लावली आहे. (शंका न काढण्याचा नियम फक्त गाडी मागे घेताना लागू असतो. एरवी मीठ किती घालू ह्यावरही चर्चा होते.)

तर झालं असं. इथे सहा जानेवारीला गोल पाव कापतात, त्यात एक बोटाएवढी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल, म्हणजे मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेले पिठाचे मुटके, खाऊ घालायचे. बाहुली माझ्या तुकड्यात होती. ती तुकड्यातून अर्धी बाहेर डोकावत होती, असं सगळे म्हणतात. सगळ्यांनी पाहिली, आणि सगळ्यांना वाटलं की हा कॅनडावाला आता गुपचूप ती ताटाखाली सरकवणार, कारण इथले लोक तसंच करतात. मी ती चावली. (दाढ गेली ती तेव्हाच, वन्सं. तुम्हाला फोनवर बदाम म्हणून सांगितलं होतं.) गावाने माझ्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक केलं.

दोन तारखेला चायोबाईच्या बहिणीकडून तमालांचं भलंमोठं पातेलं आणायचं होतं. चायोबाईचा ट्रक घेतला. जाताना एडलिन शेजारी बसून ‘डावीकडे कुत्रा, उजवीकडे कुत्रा, समोर पाद्री’ असं सांगत होती, आणि आम्ही मोठ्या थाटात परत आलो. ट्रक अंगणात मागे घ्यायचा होता. एडलिन उतरून मागे गेली. अंगणात गावचा बँड सराव करत होता, त्यामुळे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आम्हाला आवाजाची गरज कधीच पडली नव्हती. मी मान तिरपी करून आरशात पाहिलं, पिवळं दिसलं. दोन्ही हातांनी ‘ये, ये’ करत होतं, आणि तेही इतक्या उत्साहाने की मला बरं वाटलं. आम्ही दोघं अजून जुन्यासारखेच आहोत असं मनात आलं. मी निघालो.

एडलिनने त्या दिवशी निळा झगा घातला होता. पिवळा सदरा सकाळी धुऊन दोरीवर वाळत टाकला होता, आणि समुद्रावरून वारा सुटला होता. (मी डाव्या बाजूला उभी राहून ‘थांबा! थांबा!’ म्हणून ओरडत होते. शेवटी चप्पल मारली. ती ट्रकला लागली. ह्यांना वाटलं, आणखी लौकर ये म्हणतेय.)

दोरीच्या अलीकडे भिंतीला टेकवून चोनचा भोंगा ठेवलेला होता. चोन म्हणजे बँडमध्ये पोटाएवढा पितळी भोंगा अंगाभोवती घेऊन वाजवतो तो. नशीब माझं थोर म्हणून तो स्वतः पाणी प्यायला उठला होता. भोंगा भिंत आणि ट्रक यांच्या मधे सापडला, पातेलं उलटलं, तमाल अंगणभर पसरले आणि सदरा मागच्या काचेवर येऊन मला मिठी मारून बसला. बँड थांबला. मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळं अंगणच हसायला लागलं. तमाल सालीत गुंडाळलेले असतात, त्यामुळे माणसं ते उचलून, झटकून, हसत हसत खायला लागली.

चायोबाई कंबरेवर हात ठेवून आली. “अहो नेस्टर, आजवर बायकोचं ऐकत होता ते ठीक होतं. आता तिच्या धुण्याचंही ऐकायला लागलात होय?”

मी म्हटलं, “वाऱ्याची चूक आहे.”

“हो ना. मेला रोज येतो, आणि आजच कसा गाडी चालवायला शिकला!”

चोनने भोंगा उचलला. बाजूने चेपला होता, त्याला पोक आलं होतं. त्याने फुंकून पाहिलं तर म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला. तो म्हणाला, “सूर लागतोय. पण नेस्टर, एक विचारू? माझी टोपी माझ्या कुठल्या हातात आहे, सांग बरं.”

माझ्यापासून तो चार हातांवर उभा होता. मी जरा विचार करून म्हटलं, “उजव्या.”

टोपी त्याच्या डोक्यावर होती.

त्यानंतर कोणी हसलं नाही. चोनने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “चल, बस इथे, खा काहीतरी.” ताई, मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. मी ट्रकची किल्ली चायोबाईच्या हातावर ठेवली. ती कधी घेतली आणि कधी ठेवली हे न बघता आम्ही एवढी वर्षं किल्ल्या वापरल्या. त्या दिवशी मला तिचं वजन कळलं. (इथे लिहिणं थांबवून मी लिंबं पिळून सरबत करून दिलं.)

तर सांगायचं ते असं की वासिलदाजींनी गाडीला गिऱ्हाईक बघावं. उन्हाळ्यात आम्ही शहरातल्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली घेऊ. चांगली जागा आहे म्हणतात. जेवायची घंटा होते, गुरुवारी कोणीतरी ॲकॉर्डियन वाजवतं, आणि खिडकीतून पार्किंग दिसतं. मी तिथे आनंदाने राहीन. (हे वाक्य ह्यांनी तीनदा बदललं. आधी ‘राहू शकेन’ होतं, त्याच्याही आधी एक शिवी होती.) एडलिनला तळ्याकाठी सकाळी बाहेर बसून कॉफी प्यायची सवय आहे, ती सुटेल. तिला सवयी लवकर सोडता येतात. (कोणी सांगितलं?)

घरातल्या मोठ्यांना माझा वाकून नमस्कार, नातवंडांना पाठीत एकेक धपाटा, आणि कुत्र्याला काय आवडेल ते.

तुझा धाकटा
नेस्टर
(सही ह्यांची आहे. ओळीखाली घसरलीये, चालवून घ्यावी.)

ता. क. – गाडी घेणारा माणूस नीट पारखून घ्यावा. मागे घेताना बायकोवर ओरडणाऱ्याला देऊ नये. आधी त्याला तुमच्या अंगणात मागे घ्यायला लावावी आणि बघावं.

ता. क. दुसरा – वन्सं, मी एडलिन. हे घोरताहेत तोवर लिहून टाकते. गाडी अजिबात विकू नका. सकाळी हे चोनकडे कॉफीला जातात, तेव्हा मी फुटबॉलच्या मैदानात चायोबाईच्या ट्रकवर शिकतेय. चायोबाई शेजारी बसून ओरडते, “अगं बाई, ते चाक आहे, मक्याचं पीठ नव्हे, इतकं काय मळतेस!” पण आता जमायला लागलंय. मागे घेणं अजून येत नाही, म्हणून आम्ही असे मुक्काम निवडू जिथे सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येतं. वासिलभाऊजींना सांगून सीटच्या पाठीला एक फळी आणि उशी बांधून घ्या, माझे पाय पोचत नाहीत. ह्यांना मात्र इतक्यात काही कळू देऊ नका. गाडी आपण होऊन सोडली ह्याचं समाधान ह्यांना जरा मिळू दे. थोड्या दिवसांनी तुम्ही ‘गिऱ्हाईकच मिळत नाही’ म्हणून लिहा. पत्र वाचून मीच दाखवणार, तेव्हा बिनधास्त लिहा.

ता. क. शेवटचा – ताई, हे मी माझ्या हाताने लिहितोय. पाकीट चिकटवून टपालात टाकायला एडलिनने माझ्याकडे दिलं आहे आणि ती चायोबाईकडे गेली आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील, सांभाळून वाच. वर तिने काय लिहिलं आहे ते मला दिसत नाही, पण कळतं. रोज सकाळी चोनच्या ओट्यावर बसून मी मैदानातला ट्रक ऐकतो. दुसरा गियर टाकताना ती अजून कडकडाट करते, तिसरा सुरेख टाकते. तेव्हा गाडी विकू नकोस, आणि मला माहीत आहे हे तिला सांगू नकोस. तिला मला चकित करायचं आहे. मी होईन.

तुझ्याकडे काम वेगळंच आहे. नाताळपासून मला तिचा चेहरा दिसत नाही. केस दिसतात, हात दिसतात, कपड्याचा रंग दिसतो, मधलं दिसत नाही. हे तिला सांगितलेलं नाही. ती अजून संध्याकाळी ओठ रंगवून समोर बसते आणि बरी दिसते का विचारते. मी छान म्हणतो. ती म्हणते की ती नीट जेवते. चायोबाई म्हणते की ताटात तसंच असतं. कोणाचं खरं, हे आता मला बघून ठरवता येत नाही. तर एप्रिलात आम्ही आलो की मला शेडच्या मागे घेऊन जा आणि ती कशी दिसते ते सांग. वाळली आहे का, डोळ्यांखाली काळं आलं आहे का, माझ्यापुढे हसते तेव्हा खरंच हसते का. तू लहानपणापासून तोंडावर बोलतेस, म्हणून तुलाच सांगतोय, काही लपवू नकोस. फक्त हळू बोल. तिचे कान फार तिखट आहेत.