वर्दीचा नवस

॥ श्री ॥

मालवण, ता. ११ ऑक्टोबर १९६४

चि. गुरुदास यास जयरामअप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तू विमानाचा कप्तान झालास हे मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवले. दोरखंड घ्यायला आलेला बाबली तांडेल म्हणाला, आता आमचो नि तुज्या पुतण्याचो हुद्दो एकच. मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केले. एकच नव्हे, तांडेलाचे चुकले तर पोहता तरी येते.

आता मुद्दा. तुझ्या लायसनच्या परीक्षेच्या वेळी मी देवळात नवस बोललो होतो, की माझ्या थोरल्या भावाचे हे पोर कप्तान झाले तर पुऱ्या वर्दीत देवासमोर उभे करीन. गाव साक्षीला आहे. जत्रेला येताना कोट, टोपी, सगळे आण. कोटाच्या पट्ट्या बाहीवर असतात आणि सदऱ्याच्या खांद्यावर, हे मी मासिकातल्या चित्रात नीट पाहून ठेवले आहे. मी लोकांना चार पट्ट्या सांगितल्या आहेत, त्या चारच दिसल्या पाहिजेत.

काकी विचारते, वर्दीवर सोलकढी सांडली तर डाग जातो काय. मी म्हटले, आधी त्याला येऊ तर दे.

सौ. आनंदीस आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्राने ताजा ठेवावा.

जयराम

*

मुंबई, ता. २२ ऑक्टोबर १९६४

ती. अप्पांस गुरुदासचा सा. न. वि. वि.

जत्रेला नक्की येतो. वर्दीची मात्र अडचण आहे. कंपनीचा कायदा असा, की ड्यूटी नसताना ती अंगावर चढवायची नाही. कळले तर नोकरीवर येते.

तशी आम्हा मंडळींना तिची फार हौस उरत नाही. विमानाचे दार लागले की कोट खुंटीला, टाय सैल, टोपी कुठेतरी सीटमागे. आमचे एक वयस्क पारशी कप्तान तेवढे टायची गाठ ढळू देत नाहीत. म्हणतात, मागे बसलेल्यांचा जीव या गाठीला बांधलेला असतो. तरुण पोरे त्यांना हसतात. माझ्या एका दोस्ताला भर रस्त्यात एका गृहस्थाने थांबवून विचारले, की लग्नाला बँड आणायचे काय घेता. तेव्हापासून तो टोपी पिशवीत घालून जातो.

तेव्हा मी साध्या कपड्यांत येईन. तुम्ही देवाला सांगालच. तुमच्या शब्दाला तिथे मान आहे.

काकींस नमस्कार. आहे ती माया राहू द्यावी.

गुरुदास

*

मालवण, ता. २९ नोव्हेंबर १९६४

चि. सौ. जानकी हीस अप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

सासूबाईंच्या पायामुळे तुला बांद्याहून माहेरी येता आले नाही, म्हणून जत्रेची हकीकत लिहितो. गुरुदास आला. टोपी बघायला दुपारपासून माणसे जमली होती, आणि तो उतरला बुशशर्टात. बाबलीने विचारलेच, विमान तरी खरा आसा मा?

मग मी लवू गुरवाला सांगून गाऱ्हाण्यात कंपनीच्या कायद्याचे स्पष्ट घालून घेतले. त्याचा आवाज तुला ठाऊक आहे. सगळ्या गावासमोर त्याने देवाला सांगितले, की बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचो नवस कंपनीच्या कायद्यान अडलो हा, जयरामान तशी ग्वाही दिल्यान हा, तर चूकभूल पदरात घे. आणि गाव एका तोंडाने व्हय म्हाराजा म्हणाला. ग्वाही माझी म्हटल्यावर कोणी शंका काढली नाही. मी चौथीपर्यंतच शाळेत गेलो, इंग्रजी घरीच शिकलो हे खरे, पण कोणाची तार असो, सरकारी कागद असो, तो माझ्याच दुकानात वाचून घेतात, आणि मी वाचले ते चुकले असे अजून झालेले नाही.

तुझा गुरुदासदादा माझ्या शेजारीच हात जोडून उभा होता. फार गप्प होता. देवाच्या दारात माणूस असा गप्प झालेला मला आवडतो.

पुढच्या खेपेस तू ये. लोभ आहे तो येऊन घेऊन जा.

अप्पा

*

बांदा, ता. ९ फेब्रुवारी १९६५

ती. अप्पांस जानकीचा सा. न. वि. वि.

सासूबाई आता काठीने चालतात, आणि काठीने बोलतातही.

मोठी बातमी म्हणजे आनंदीवहिनीच्या माहेरी, इथल्या वकिलांकडे, तिच्या वडिलांची साठी थाटात झाली. गोव्याला विमान उतरवून दादा मोटारीने आला. अप्पा, काय दिसत होता! कोट, टोपी, चारही पट्ट्या. दोन दिवस राहिला आणि दोन्ही दिवस पंगतीला, फोटोला तीच वर्दी. मी म्हटलेही, काय रे दादा, कायदो सुटलो वाटता? तो हसून म्हणाला, असलो कायदो खंय आसता गो, अप्पांका कायतरी सांगूक व्हया होता.

मला वाटले, त्याने तुम्हाला एव्हाना सांगितले असेल आणि तुम्ही दोघे त्यावर हसला असाल. तसे नसेल तर मी लिहिले असे म्हणू नका.

आईस नमस्कार. लेकीवरची माया कमी न व्हावी.

जानकी

*

मालवण, ता. १५ फेब्रुवारी १९६५

चि. गुरुदास यास आशीर्वाद. वि. वि.

ड्यूटी नसताना वर्दी घालायची नाही असा कायदा आहे की नाही? हो किंवा नाही, एवढेच लिही. मला कोठून कळले ते विचारू नकोस.

काकीची तब्येत बरी आहे.

जयराम

*

मुंबई, ता. २ मार्च १९६५

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

नाही.

पण तेवढेच लिहून राहवत नाही. तुम्ही मला मालवणात वर्दीत उभे केले असते तर मी दशावतारातला राजा झालो असतो. लोकांनी मुकुट चाचपावा तशी टोपी चाचपली असती. मला ते नको होते, आणि तुम्हाला तसे लिहायचा धीर नव्हता. म्हणून कायदा केला.

बांद्याचे वेगळे आहे. तिथे सगळे वकील, मामलेदार, डॉक्टर. साध्या कपड्यांत गेलो की सासरे ओळख करून देतात, हे मालवणच्या बंदरावरचे दोरखंडवाले आहेत ना, त्यांचे पुतणे. वर्दीत असलो की नुसते कप्तान म्हणतात. तुम्ही इतके वाचले आहे, तुम्हाला हे समजेल.

गाऱ्हाणे चालू असताना तुमचा हात धरायला हवा होता. पण गाव व्हय म्हणाला आणि वेळ गेली. सांगाल तर शिमग्याला वर्दी घालून येतो.

रागात का होईना, जवळ ठेवावे.

गुरुदास

*

मालवण, ता. २८ मार्च १९६५

चि. गुरुदास यास आशीर्वाद. वि. वि.

तू शिमग्याला येऊ नयेस, म्हणून उत्तर मुद्दाम उशिरा लिहिले.

दोरखंडवाल्याचा पुतण्या यात सासऱ्यांचे काही चुकलेले नाही. मी दोर विकतो आणि तू माझा पुतण्या आहेस. पण बांद्याला तू वर्दी स्वतःच्या अंगावर घातलीस असे समजू नकोस. ती तू माझ्यावर घातलीस, मी दिसू नये म्हणून.

ते आपल्या दोघांतले झाले. देवासमोर ग्वाही गेली ती माझी, ती परत घेणे भाग होते. पालखी देवळात आली, गाव जमला होता. मी लवू गुरवाला थांबवून सांगितले, की जत्रेला मी सांगितलेला कायदा नाही, तो कधी नव्हताच. त्याने विचारले, मगे तुका सांगल्यान कोणी? सगळे माझ्याकडे बघत होते. काकीने बायकांतून मान वर केली. तिला सगळे ठाऊक आहे. मी म्हटले, कोणी नाही. मीच इंग्रजीत कुठेतरी वाचले आणि चुकीचे समजलो. घरी शिकलेले इंग्रजी ते.

लवूने नारळ वाढवून नवस सोडवला. बाबली हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. जवळ येऊन म्हणाला, चुकता माणूस अप्पा, वय झाला आता.

काल त्याला मुलाची बोटीवरून तार आली. नेहमीप्रमाणे माझ्याकडे आणली, मी वाचून दिली. घडी करून तो दुकानाबाहेर पडला तो घराकडे गेला नाही. शाळेकडे वळला, मास्तरांकडून पुन्हा वाचून घ्यायला. मला त्याचा राग आला नाही. यापुढे तुझी पत्रे मीही तशीच दोनदा वाचणार आहे.

सौ. आनंदीस आशीर्वाद. लोभ होता तसाच आहे, त्याला माझा इलाज नाही.

जयराम